क्रूझवर नाश्ता आणि दुपारचं जेवण: बफे की डायनिंग रूम?

दीपस्तंभ

आतापर्यंत चार क्रूझ झाल्या. त्या जोरावर एक ठाम मत मांडतो, पटलं नाही तर जरूर भांडा. नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला सवयीने वरच्या डेकवरच्या बफेत जाणं ही क्रूझवर सर्रास होणारी चूक आहे.

समुद्रातला दिवस, म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही तो दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सव्वानऊ. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर येते. हातात ताट, ताटात नुकतं केलेलं ऑम्लेट, आणि बसायला जागा नाही. एका टेबलावर फक्त गॉगल ठेवलाय, दुसऱ्यावर स्वेटर. तिसऱ्यावरचं कुटुंब उठेल असं वाटतं, तर त्यांच्यातला एक जण पुन्हा कॉफी आणायला जातो. जागा मिळेपर्यंत ऑम्लेट गार. मग ज्यूस आणायला बायको उठते, ती आल्यावर टोस्ट आणायला मी. एकत्र बसून एक घासही होत नाही.

त्याच वेळी आठ-दहा मजले खाली मुख्य डायनिंग रूममध्ये पांढरी चादर घातलेली टेबलं रिकामी असतात. वेटर नॅपकिन उलगडून देतो, कॉफी ओततो, अंडी कशी हवीत ते विचारतो. पैसे वेगळे नाहीत, तिकिटातच आलेलं असतं. तरी लोक तिथे फक्त रात्री जातात, कारण सकाळी ती उघडी असते हेच अनेकांना माहीत नसतं.

चढण्याच्या दिवशी तर कहर होतो. केबिन बहुतेक दुपारी एक-दीडनंतरच मिळते, त्यामुळे हातातल्या बॅगा घेऊन सगळं जहाज बफेत. त्या दिवशी बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम किंवा एखादं छोटं उपाहारगृह दुपारी चालू असतं. गेल्या खेपेला आम्ही तिथे गेलो तेव्हा अख्ख्या दालनात सहा टेबलं भरलेली होती. सूप आलं, मासा आला, खिडकीतून सामान चढताना दिसत होतं. सहल तिथेच सुरू झाली.

सुकाणू

दीपस्तंभ, धागा छान, पण पूर्णपणे असहमत. तुम्ही समुद्रातल्या दिवसाचं चित्र काढलंत आणि निकाल सगळ्या दिवसांचा लावलात.

बंदराच्या दिवसाचं काय? जहाज सातला लागतं आणि साडेचारला सगळ्यांनी परत यायचं असतं. त्या नऊ-साडेनऊ तासांसाठीच तर आपण आलोय! एकदा मी हौसेने डायनिंग रूममध्ये नाश्त्याला बसले. ऑर्डर घ्यायला पंधरा मिनिटं, फळं आली, मग बराच वेळ काही नाही, मग अंडी, मग पुन्हा कॉफीची वाट. बाहेर पडले तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. त्या बंदराला धक्का नव्हता, छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जायचं होतं. माझा टेंडरचा क्रमांक केव्हाच निघून गेला होता. पुढची रांग धरून किनाऱ्यावर पाय टेकायला साडेदहा वाजले. तो दिवस परत मिळत नाही.

बफेत वीस मिनिटांत पोटभर खाऊन उतरता येतं. शिवाय दुपारी जहाज बंदरात असताना डायनिंग रूम अनेकदा बंदच असते. भुकेला परत आलेला माणूस मग बफेतच जाणार ना?

आणि मुलं! माझ्या दोन मुलांपैकी एकाला फक्त पॅनकेक लागतात आणि दुसरा रोज वेगळं काहीतरी चाखून बघतो. डायनिंग रूममध्ये दोघांना तासभर बसवून ठेवणं म्हणजे त्यांची शिक्षा आणि आपलीही.

ओंजळ

माझा प्रतिसाद थोडा वेगळ्या कारणाने दीपस्तंभ यांच्या बाजूने.

बायकोला तिळाची तीव्र ॲलर्जी आहे. बफेत पाट्या लावलेल्या असतात, पण भांड्यातला चमचा कुठून कुठे जातो त्यावर कोणाचं लक्ष? मी स्वतः पाहिलंय: एका गृहस्थांनी तिळाच्या ब्रेडचा चिमटा उचलला, शेजारच्या साध्या ब्रेडला लावला आणि पुढे गेले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कल्पनाच नव्हती. पण आमच्यासाठी ती पूर्ण रांग तिथेच संपली.

डायनिंग रूममध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं, तर मुख्य वेटर रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं मेनूकार्ड घेऊन आला. काय चालेल, काय वगळून करता येईल ते बायकोसमोर बसून ठरवलं. सातही दिवस ती निर्धास्त जेवली. घराबाहेर हे सुख तिला क्वचितच मिळतं.

शिवाय बफे म्हणजे हजारो हात तेच चमचे धरणार. जहाजावर पोटाच्या साथी पसरतात त्या उगाच नाही.

खडक

ॲलर्जीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. स्वच्छतेचा अर्धाच.

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांवर तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा 'व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम' लागू असतो. तो १९७५ पासून चालू आहे. तपासणी न कळवता होते, गुण १०० पैकी, आणि ८५ किंवा त्याखाली आलं की जहाज नापास. त्यांच्या नियमांत गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवायचे असतात. तापमानाऐवजी वेळेवर नियंत्रण ठेवलं असेल तर चार तासांनी उरलेला पदार्थ टाकूनच द्यायचा. हे बफेलाही तितकंच लागू. म्हणून 'बफे म्हणजे सकाळपासून पडलेलं अन्न' ही समजूत सोडून द्या.

आता साथीबद्दल. जहाजावरचा मुख्य गुन्हेगार नोरोव्हायरस. तो चमच्यावरून येतो, तसाच जिन्याच्या कठड्यावरून, लिफ्टच्या बटणावरून आणि हो, डायनिंग रूमच्या मेनूकार्डावरूनही येतो. अल्कोहोलवाला सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. नव्या बऱ्याच जहाजांवर बफेच्या दारातच हात धुवायची बेसिनं बसवलेली आहेत. लोक त्यांना वळसा घालून सॅनिटायझरचा एक थेंब चोळतात आणि थेट ताट उचलतात, हे बघून माझा जीव तुटतो. चमचा धरून वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी पुन्हा एकदा हात धुवा. एवढं केलंत तर बफेला घाबरायचं कारण नाही.

चवीच्या बाबतीत मात्र डायनिंग रूमला मत देईन. बफेतली स्क्रॅम्बल्ड अंडी बहुतेक पाश्चराइज केलेल्या द्रव अंड्यांची, मोठ्या प्रमाणावर केलेली असतात. अंडं हा पदार्थ वाट बघत नाही. बफेतच खायचं असेल तर जिथे समोर तव्यावर करून देतात त्या रांगेत उभं राहा, दहा मिनिटं गेली तरी चालेल.

पाऊलवाट

तुम्ही सगळे दोनच दारं बघताय. तिसरं दार आहे आणि तेच सर्वांत चांगलं.

मोठ्या जहाजांवर तिकिटातच येणारी छोटी उपाहारगृहं असतात. रॉयल कॅरिबियनच्या 'ओॲसिस' वर्गातल्या जहाजांवर मधल्या बागेत पार्क कॅफे आहे. सकाळी तिथे बेगल घ्यायचा आणि खऱ्याखुऱ्या झाडांमध्ये बाकावर बसून खायचा. समुद्राच्या मधोमध पानांचा वास येतो! प्रिन्सेसच्या जहाजांवर इंटरनॅशनल कॅफे असतं. नॉर्वेजियनच्या बऱ्याच जहाजांवर पबसारखं उपाहारगृह आहे, तिथे बसून ऑर्डर देता येते. व्हर्जिन व्हॉयेजेसने तर नेहमीचा बफेच ठेवला नाही. त्यांच्या 'गॅली'मध्ये वेगवेगळे छोटे स्टॉल आहेत आणि खाणं मागवल्यावर करून देतात.

दुपारी तर हे फारच कामाला येतं. बारा ते दीड बफेकडे फिरकूच नका. तरणतलावाजवळचा बर्गरचा स्टॉल, पिझ्झाचा कोपरा, सॅलडची छोटी खिडकी, कुठेही पाच-सात मिनिटांत काम होतं. चढल्या दिवशी संध्याकाळी सगळे सामान लावत असतात, तेव्हा अर्धा तास काढून जहाज पायी हिंडा आणि काय कुठे, किती वाजता ते बघून ठेवा. पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

सुकाणू

पाऊलवाट, हे मोठ्या जहाजांचं झालं. आम्ही गेलो ते जुनं, लहान जहाज होतं. तिथे तिसरं दार नव्हतं.

शिंपला

मी एकटी प्रवास करते. नवरा गेल्यानंतर हा दुसरा प्रवास. त्यामुळे माझं मत वेगळ्या जागेवरून येतंय.

पहिल्या क्रूझवर सगळे नाश्ते बफेत केले. ताट घेऊन एकटीने टेबल शोधायचं, पाणी आणायला उठलं की परत येईपर्यंत कोणीतरी ताट उचलून टेबल पुसून टाकलेलं. वेटर बिचारा त्याचं काम करत होता, पण दोनदा असं झाल्यावर मी पाण्याशिवायच खाल्लं. आजूबाजूला सगळी कुटुंबं. जहाजावर हजारो माणसं आणि मी दिवसभर कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या वेळी डायनिंग रूमच्या दारात विचारलं, "इतरांबरोबर बसाल का?" हो म्हटलं. आठ जणांचं टेबल होतं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका, समोर एक जोडपं. तिसऱ्या दिवसापासून त्या शिक्षिका माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायच्या. नाश्त्याला तास लागला तर लागू दे, तो तासच मला हवा होता.

मध्यान्ह

शिंपलाताई, तुमचा अनुभव वाचून बरं वाटलं. पण मला मात्र सकाळी आठला अनोळखी माणसांशी बोलायला अजिबात नको असतं, आणि तेही तितकंच खरं आहे. दिवसभर ऑफिसात बोलून बोलून थकलेला माणूस सुट्टीवर आलाय. त्याला केबिनच्या बाल्कनीत चहा, दोन क्रोसाँ आणि शांतता द्या. रात्री झोपण्याआधी दाराला नाश्त्याचं कार्ड अडकवायचं किंवा ॲपवर वेळ टाकायची, सकाळी ट्रे दारात. काही कंपन्या त्याचे पैसे घेतात, काही साधा नाश्ता फुकट देतात, ते आधी बघून घ्या. बंदराच्या दिवशी सुकाणू यांची घाईसुद्धा याने सुटेल: कपडे करता करता खाऊन होतं.

एकच त्रास: गरम पदार्थ मागवू नका. इतक्या लांबून येईपर्यंत झाकणाखाली वाफ धरून टोस्ट ओला झालेला असतो.

दीपस्तंभ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. सुकाणू, बंदराच्या दिवसाबाबत तुमचं म्हणणं मान्य करतो. मी सरसकट लिहायला नको होतं. टेंडर असेल त्या दिवशी मीही वरच जाईन.

पण समुद्रातल्या दिवसाबाबत एक इंचही मागे सरत नाही. आणखी एक कारण देतो. आमच्या साठेक वर्षांच्या जहाजसोबत्याला लाटा वाढल्या की त्रास व्हायचा. जहाजाचं हलणं वरच्या मजल्यांवर आणि दोन्ही टोकांना जास्त जाणवतं, खाली आणि मध्याजवळ कमी. बफे सर्वांत वर असतो. तिथे भरलेलं ताट हातात धरून डुलणाऱ्या जमिनीवर चालायचं म्हणजे तरण्या माणसालाही अवघड. तो एके सकाळी कॉफीसकट घसरला. हात भाजला, सुदैवाने थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवसापासून खाली बसून, पुढ्यात आलेलं सावकाश खाऊ लागला आणि त्याची मळमळही कमी झाली.

दुसरं म्हणजे वाया जाणारं अन्न. बफेत डोळे मोठे होतात. शेजारच्या टेबलावर न शिवलेले तीन केक सोडून लोक उठतात तेव्हा पोटात तुटतं.

सुकाणू

वाया घालवणं हा माणसाचा दोष, बफेचा नाही. माझी मुलं आधी चमचाभर घेतात, आवडलं तर परत जातात. डायनिंग रूममध्ये नको असलेला अर्धा पदार्थ ताटात येतोच आणि तोही टाकलाच जातो. परत नेताना आपल्याला दिसत नाही एवढंच.

आणि तुम्ही बफेची वेळच चुकीची निवडलीत. सव्वानऊला कशाला जाता? साडेसहाला या. अनेक जहाजांवर बफेच्या मागच्या बाजूला, अगदी टोकाला, उघड्यावर टेबलं असतात. तिथे बसलं की खाली पांढऱ्या फेसाचा पट्टा क्षितिजापर्यंत गेलेला दिसतो. माझा धाकटा एरवी एका जागी दोन मिनिटं बसत नाही, तो तिथे पॅनकेक हातात धरून वीस मिनिटं नुसता बघत होता. ही जागा तुमच्या पांढऱ्या चादरीच्या दालनात कुठून आणणार?

खडक

सुकाणू, बंदराच्या दिवसाबद्दल एक जोड देतो. बफेतली फळं पिशवीत घालून किनाऱ्यावर नेऊ नका. पुष्कळ देशांत बाहेरची ताजी फळं आणायला मनाई असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर याबाबत फार कडक आहेत, एका सफरचंदापायीही दंड होऊ शकतो. जे खायचं ते जहाजावरच खा.

नवखी

धाग्याबद्दल सगळ्यांचे आभार. आम्ही पहिल्यांदाच जातोय, बरोबर ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत, काठी घेऊन चालतात. चढण्याच्या दिवशी खाली जेवण मिळतं का, हे आधी कसं कळेल?

दीपस्तंभ

जहाज कंपनीच्या ॲपमध्ये त्या दिवसाचं वेळापत्रक असतं, त्यात बघा. नाही दिसलं तर चढल्याबरोबर पहिल्या कर्मचाऱ्याला विचारा की दुपारी बसून जेवायला आज काय उघडं आहे. लिफ्टने वर जाण्याआधीच विचारा, एकदा वर गेलात की गर्दीतून सासूबाईंना परत आणणं कठीण.

सुकाणू

आणि बफेतच जावं लागलं तर त्यांना आधी टेबलावर बसवा आणि तुम्ही आळीपाळीने वाढून आणा. काठी आणि ताट एकाच वेळी नको. वेटरला सांगितलंत तर तोही ताट टेबलापर्यंत आणून देतो, मी दोन-तीनदा पाहिलंय.

नवखी

विचारेन. मागच्या टोकाच्या त्या टेबलांपर्यंत जायला पायऱ्या आहेत का हो?

सुकाणू

आमच्या जहाजावर नव्हत्या. दाराचा उंबरा मात्र चांगला उंच होता, तिथे त्यांचा हात धरा.