नऊ तुकड्यांचा चौकोन सव्वाबाराच भरतो

फोंडेकरीण
गोधडीसाठी नाइन पॅचचे, म्हणजे तीन ओळींत तीन-तीन तुकड्यांचे, चौकोन शिवतेय. पाच गडद तुकडे तांबड्या चौकड्यांच्या कुणबी साडीचे, चार फिके जुन्या मलमलच्या साडीचे. प्रत्येक तुकडा ४.५ इंच, माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंच. शिवून चौकोन १२.५ इंच भरायला हवा, भरतो १२.२५. मधल्या जोडांवर कोपरेही सरकतात. काळं पायमशीन आहे. चुकतंय कुठे, कापताना की शिवताना?

सुईदोरा
शिवताना. एका ओळीत दोन शिवणी. माया सुताच्या निम्म्याने, म्हणजे १/१६ इंचाने, जास्त गेली तरी ती दोन्ही तुकड्यांतून जाते. एका शिवणीला १/८ आणि दोन शिवणींना बरोबर पाव इंच. तुमचा हिशोब तिथेच जुळतो.

काळ्या मशीनच्या फूटची (कापड दाबणाऱ्या पायाची) कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही, तिच्यावर विसंबू नका. सुईपासून पट्टीने मोजून प्लेटवर जाड चिकटपट्टी लावा, तीही पाव इंचापेक्षा एक धागा आत. शिवण दुमडताना तेवढं कापड घडीत जातंच. मग कापडाच्या १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून बघा: मधली नेमकी १ इंच दिसली की चिकटपट्टी बरोबर. टीप बारीक ठेवा, इंचाला १२ टाके.

म्हापसा_टाका
कोपऱ्यांचा प्रश्न इस्त्रीचा आहे. शिवणी उघडू नका, सगळ्या गडद कापडाकडे पाडा. पहिली आणि तिसरी ओळ गडद-फिकी-गडद, म्हणून माया बाहेरच्या बाजूला जाते. मधल्या ओळीत ती आपोआप आत येते. ओळी एकमेकींवर ठेवल्या की उलटसुलट पडलेल्या घड्या एकमेकींत अडकतात, बोटाला लागतं. तिथेच टाचणी, आणि सुई अगदी जवळ आल्यावरच ती काढा.

इस्त्री ठेवायची आणि उचलायची. घासलीत की तुकडा उरेब, म्हणजे तिरक्या, बाजूला ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो. पावसाळ्यात तर आपल्याकडे सुती कापड हाताला सुकं लागतं पण आत दमट असतं. कापण्याआधीच कडक इस्त्री करा.

वाकळवाली
वरचं सगळं बरोबर, पण मला खरी अडचण कापडात दिसते ताई. कुणबी कापड जाड, जुनं मलमल विरविरीत. शिवताना मलमल खालीच ठेवलं तर मशीनचे खालचे दाते ते ओढून घेतात आणि वरचा जाड तुकडा मागे राहतो. मलमलला खळ द्या, नाहीतर मागून पातळ सुती अस्तर टाचा. साडी उजेडात धरून बघा: मांडीवर, बसण्याच्या जागी सूत विरलेलं असतं, ते सोडून पदराकडचं आणि निऱ्यांच्या आतलं कापड घ्या. सुई १४ नंबरची चालेल.

तांबडा रंग सोडतो का, तेही आत्ताच बघा. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळा. फडकं गुलाबी झालं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पांढऱ्या तुकड्यांत उतरलेला रंग निघता निघत नाही.

एवढं मोजमाप नको असेल तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांची कवंदी (त्यांची गोधडी) बघा. तिथे चौकोन नाहीच. खाली अखंड साडी, वर कडा दुमडलेले तुकडे, आणि धावदोरा काठावरून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत.

फोंडेकरीण
शिवलेले चार चौकोन उसवू का?

सुईदोरा
नको. चारही सारखे सव्वाबारा असतील तर उरलेलेही तसेच शिवा, या गोधडीला चिकटपट्टी लावू नका. चौकोन एकमेकांना जुळले की झालं, १२.५ चा हट्ट कशाला? कोपरा सरकलेला असेल तिथली तेवढीच २ इंच टीप उसवून, टाचून परत मारा.