इक्कोकू-कानची ओढ वाटणाऱ्यांना तिथे खरेच राहायचे आहे का?

चौथा मजला (धागाकर्ता)

रुमिको ताकाहाशी यांची 'मेझोन इक्कोकू' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८० च्या अखेरीपासून १९८७ पर्यंत 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या जपानी नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तोक्योच्या एका उपनगरातली मोडकळीला आलेली लाकडी इमारत, तिच्यातल्या एकेका खोलीत राहणारी विक्षिप्त माणसे, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाई नावाचा मुलगा आणि इमारतीची व्यवस्था पाहायला आलेली क्योको ही तरुण विधवा, एवढ्या भांडवलावर पंधरा खंड उभे आहेत. इमारतीचे नाव इक्कोकू-कान. २०२० पासून इंग्रजी भाषांतराची नवी आवृत्ती निघू लागली, तेव्हा माझ्या ओळखीच्या चारपाच जणांनी ती झपाटल्यासारखी वाचून काढली, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकच वाक्य उच्चारले, की आपल्याला असे घर मिळायला हवे होते.

हा उमाळा मला पटत नाही. पुस्तकाचे पहिले प्रकरण कृपया पुन्हा काढून पाहावे. परीक्षा तोंडावर आलेली असताना गोदाई पाच क्रमांकाच्या खोलीत अभ्यासाला बसतो. चार क्रमांकाचे योत्सुया भिंतीला पाडलेल्या भगदाडातून आत येतात, इचिनोसे काकू साकेची बाटली घेऊन येतात, सहा क्रमांकाची आकेमी झोपायच्या कपड्यांतच येऊन बसते, आणि मैफल रंगते ती या बिचाऱ्याच्या खोलीत. वैतागून तो घर सोडून निघतो, दार उघडतो, तर समोर क्योको उभी. ज्या घरात राहायला मिळावे म्हणून आपण उसासे टाकतो, त्या घराची गोष्ट मुळात तिथून पळून निघालेल्या माणसापासून सुरू होते, आणि तो थांबतो तेही शेजाऱ्यांच्या प्रेमापोटी नाही.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे तोक्योच्या निशी-कासाई भागात होतो. पहिले आठ महिने मी ज्याला तिकडे 'शेअर हाउस' म्हणतात अशा एका घरात काढले. कंपनी भाडेकरू निवडून घेत असे, भांडी घासण्याचे वेळापत्रक भिंतीवर होते आणि फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर खोली क्रमांकाची चिठ्ठी होती. आठ महिन्यांत माझ्या दह्याला कोणी हात लावला नाही. इक्कोकू-कानसाठी हळहळणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात हेच घर हवे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना योत्सुया चित्रात हवे असतात, भिंतीपलीकडे नको असतात.

कोपऱ्यातली खोली

राग मानू नये, पण आपण पहिल्या प्रकरणावर फारच भार दिला आहे. पुढे चौदा खंडांहून अधिक मजकूर आहे, आणि त्यात गोदाईचे एकही काम वेळेवर आणि सरळ होत नाही. कशीबशी पदवी मिळते, तर ज्या कंपनीत नेमणूक झालेली असते ती कंपनीच बुडते. बालवाडीतली नोकरी लागते, तर तीही जाते. मग तो एका कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुले सांभाळतो आणि बालसंगोपनाच्या पात्रता परीक्षेचा अभ्यास करतो. हा सगळा काळ तो त्याच पाच क्रमांकाच्या खोलीत आहे आणि तीच माणसे त्याची टिंगल करत, त्याच्या ताटातले उचलून खात त्याच्याभोवती आहेत. त्या टिंगलीत तुच्छता नाही, कारण त्या घरात मिरवावे असे कोणाकडेच काही नाही. नापास झालेल्या मुलाला ज्या घरात नापास झाल्यासारखे वाटत नाही, ते घर वाचकाला हवेहवेसे वाटले तर त्यात ढोंग कोणते?

आपल्या दह्याबद्दल एवढेच म्हणेन की जिथे आठ महिने दह्याला कोणी हात लावत नाही, तिथे दोन दिवस खोलीबाहेर न आलेल्या माणसाचे दारही कोणी वाजवत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहत असताना मला कावीळ झाली होती. माझे तूप आणि लिंबाचे लोणचे राजरोस फस्त करणाऱ्या खोलीभाऊंनीच रात्री अकरा वाजता मला रिक्षात घातले. त्याआधीच्या महिन्यात मी त्यांच्यापैकी एकाशी बोलणेही टाकले होते.

नाममात्र

एक छोटी भर. इचिनोसे, योत्सुया, गोदाई, रोप्पोंगी (म्हणजे आकेमी) या आडनावांत अनुक्रमे एक, चार, पाच आणि सहा हे आकडे दडलेले आहेत, आणि तेच त्यांचे खोली क्रमांक आहेत. व्यवस्थापिका क्योको ओतोनाशी हिच्या आडनावातल्या 'नाशी'चा अर्थ 'नसणे' असा होतो, म्हणजे शून्य. त्या घरात माणूस आणि त्याची खोली वेगळी काढता येत नाहीत, असे लेखिकेने नावांतच लिहून ठेवले आहे. फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवरही खोली क्रमांकच असतात म्हणा. ही तुलना कोणाच्या बाजूने जाते ते मला ठरवता आलेले नाही.

शांभवी

आतापर्यंतचे दोन्ही मोठे प्रतिसाद भाडेकरूच्या खोलीत बसून लिहिलेले आहेत. शून्य क्रमांकाच्या खोलीतून हे घर कसे दिसते, तेही पाहू या.

क्योको म्हटले की वाचकांना तिचा कोंबडीच्या पिल्लाचे चित्र असलेला, 'पियो पियो' लिहिलेला एप्रन आणि हातातला झाडू आठवतो. आठवणीत तो झाडू गोड वाटतो, परंतु पाने चाळताना लक्ष ठेवले तर दिसते की ही बाई सतत काम करत असते. ती अंगण झाडते, छपराची डागडुजी करते, रात्रीच्या दंग्यानंतरचे घर पुन्हा राहण्याजोगे करते आणि फोनही घेते. सबंध इमारतीत फोन एकच, दाराजवळचा नाण्यांवर चालणारा गुलाबी फोन. गोदाईला कोझुए नावाच्या मुलीचा फोन आला की तो बहुधा क्योकोच उचलते आणि "गोदाई-सान, फोन" अशी हाक मारते. त्या हाकेच्या स्वरात दिवसागणिक पडणारा फरक ताकाहाशी ज्या बारकाईने दाखवतात, त्यावरच मला वाटते पुस्तकाची निम्मी गोडी उभी आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की तिला पाठ फिरवता येत नाही. भाडेकरू दार लावून घेऊ शकतो. गोदाईला निदान तसा प्रयत्न तरी करता येतो. व्यवस्थापिकेला तीही सोय नाही. पुरुष वाचक या घरासाठी हळहळतात तेव्हा कोणीतरी झाडणारे असेल, हे त्यांनी गृहीत धरलेले असते.

असे असूनही मी धागाकर्त्यांच्या बाजूची नाही. क्योकोने शाळेतल्या आपल्या शिक्षकाशी लग्न केले (हा भाग आज वाचताना मला खटकतो, आणि खटकायलाच हवा), आणि लग्नानंतर वर्ष सरायच्या आत तो गेला. माहेरची माणसे दुसऱ्या लग्नासाठी मागे लागली आहेत. सासरे भले आहेत, तेही तिला बांधून ठेवू इच्छीत नाहीत. विशीतल्या विधवेचे काय करावे याविषयी प्रत्येकाकडे चांगला सल्ला आहे. सल्ला नाही तो फक्त इक्कोकू-कानमधल्या माणसांकडे. तिथे चेष्टा होते, चहाड्या होतात, तिने कुत्र्याला नवऱ्याचे नाव का दिले यावर तर्क लढवले जातात, पण तिने आता कसे वागावे हे तिला कोणी शिकवत नाही. मी स्वतः घटस्फोटानंतर दोन वर्षे तीन बायकांबरोबर भाड्याने राहिले. त्यांच्यापैकी एकीला रात्री दोन वाजता मिक्सर लावायची सवय होती, आणि तरीही माहेरी राहण्यापेक्षा मला ते घर सुसह्य होते.

लाकूडकाम

घराविषयीच बोलायचे तर थोडी पार्श्वभूमी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतून तोक्योत येणाऱ्या तरुणांसाठी शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या पट्ट्यात स्वस्त लाकडी इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. साडेचार किंवा सहा तातामींची, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या चटयांची, खोली (साडेचार तातामी म्हणजे सुमारे सात चौरस मीटर), संडास सामायिक, आणि आंघोळीला गल्लीतले सार्वजनिक स्नानगृह, म्हणजे सेंतो. १९६८ च्या सुमारास तोक्योत अडीच हजारांहून अधिक सेंतो होते. आज पाचशेसुद्धा उरलेले नाहीत. ही मांगा सुरू झाली तेव्हाच ती घरे जाऊ लागली होती. १९८१ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले आणि दशकाच्या उत्तरार्धात जमिनीचे भाव चढले, तेव्हा अशा इमारतींचा निभाव लागणे अवघडच होते. इक्कोकू-कानच्या मनोऱ्यावर जे बंद पडलेले घड्याळ आहे, ते काही सजावट म्हणून काढलेले नाही. आज आपण ज्याला स्मरणरंजन म्हणतो, ते पहिल्या अंकापासून पुस्तकात आहे.

जपानी वाचकांच्या हळहळीला आणखी एक कारण आहे. गोष्टीतला काळ वाचकाच्या काळाबरोबर चालला. नियतकालिक आधी मासिक होते, मग पाक्षिक झाले, १९८६ पासून साप्ताहिक. ज्याने परीक्षेच्या वर्षी वाचायला सुरुवात केली, तो गोदाईबरोबर पदवीधर झाला आणि कदाचित त्याच्याबरोबर बेकारही राहिला. आपण पंधरा खंड पंधरा दिवसांत वाचतो, म्हणून आपल्याला घर लक्षात राहते. त्यांना स्वतःची सात वर्षे आठवत असणार.

याच काळात एक खरे घरही पडले. तोक्योच्या तोशिमा भागातली तोकिवा-सो ही इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. पन्नाशीच्या दशकात चित्रकथाकार ओसामु तेझुका तिथे काही काळ राहिले. त्यांनी खोली सोडली तेव्हा तीत राहायला आली ती पुढे 'डोरेमॉन'मुळे आपल्या घराघरांत पोचलेली फुजिको फुजिओ ही जोडी. तिथे राहणाऱ्या तरुण चित्रकारांत हिरोओ तेरादा हे थोरल्या भावासारखे होते, अडीनडीला पैसे देत. पुढे तेरादांनी चित्रकथा सोडून दिल्या, जुन्या मित्रांपासूनही ते दूर गेले आणि १९९२ मध्ये वारले. तोकिवा-सोच्या गोडव्यात हा शेवट सहसा सांगितला जात नाही.

पाव-बटर

जपानशी, लाकडी घराशी आणि त्या सात वर्षांशी काडीचा संबंध नसलेल्यांचे काय? या मांगेवरून ९६ भागांची चित्रमालिका निघाली आणि ती फ्रान्समध्ये 'ज्युलिएत, ज तेम' या नावाने लहान मुलांच्या कार्यक्रमात लागत असे. क्योकोची ज्युलिएत झाली आणि गोदाईचा ह्युगो. माझ्या कचेरीतल्या एका फ्रेंच बाईंना ते शीर्षकगीत अजून पाठ आहे आणि ते गाताना त्यांचा आवाज भरून येतो. तिथे आठवण घराची नसून दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या दुपारची असणार. आपण सगळे मिळून इक्कोकू-कानच्या नावावर भलभलत्या गोष्टी जमा करत आहोत, अशी मला शंका आहे.

चौथा मजला (धागाकर्ता)

'लाकूडकाम' यांचा प्रतिसाद वाचून माझे म्हणणे थोडे बदलावे लागेल. हळहळ पुस्तकातच आहे, हे मला दिसले नव्हते. मात्र शांभवी यांच्या प्रतिसादाने माझा मूळ मुद्दा बळकटच होतो असे मला वाटते. घर सुसह्य होते असे त्या म्हणतात. हवेहवेसे होते असे त्यांनीही म्हटलेले नाही. 'कोपऱ्यातली खोली' यांनाही विचारतो की कावीळ बरी झाल्यावर आपण त्याच कॉटवर किती दिवस राहिलात?

कोपऱ्यातली खोली

तीन महिने. नोकरी लागताच स्वतंत्र खोली घेतली, हे मान्य करतो.

पण गोदाई आणि क्योको तसे करत नाहीत, याकडे आपण काणाडोळा करत आहात. लग्न झाले आहे, नोकरी लागली आहे, दुसरे घर शोधायला आता कोणतीच अडचण नाही, आणि तरी बाळाला रुग्णालयातून आणतात ते इक्कोकू-कानमध्येच. हारुकाला दारातच सांगितले जाते की तुझे आईबाबा इथे पहिल्यांदा भेटले. पळून निघालेला माणूस ज्या दारात थांबला, तेच हे दार आहे. आपण पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलेत, मी शेवटच्या पानावर ठेवतो.

शांभवी

त्याच शेवटच्या पानानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण कोणी झाडले असेल, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. आता तर बाळाची दुपटीही आली.

लाकूडकाम

तोकिवा-सो २०२० मध्ये संग्रहालय म्हणून पुन्हा बांधली गेली आहे. गेल्या वर्षी कामासाठी तोक्योला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम पाहून आलो. भिंतींवरचे डाग, सामायिक स्वयंपाकघरातला मळकटपणा, सगळे नव्या बांधकामात कारागिरांनी हाताने उतरवले आहे. जिना चढताना फळ्या करकरतात, तीही करकर घडवलेली. माझ्यापुढे एक आजोबा चढत होते. ते चौथ्या पायरीवर थांबले, एक पाऊल मागे घेऊन तीच पायरी पुन्हा दाबून पाहिली आणि सोबतच्या नातवाला काहीतरी म्हणाले. मला जपानी पुरेसे येत नाही, पण तो नातू हसत सुटला आणि धावत खाली जाऊन पुन्हा वर आला.