फोर काउंटीज रिंग सात दिवसांत?

सत्तरीच्या आईबाबांना घेऊन सात दिवसांत अख्खी फोर काउंटीज रिंग, म्हणजे इंग्लंडमधल्या कालव्यांची बोटीने करायची गोल फेरी, हा बेत जरा आवरता घ्या. साधं गणित आहे: मैल अधिक लॉक (कालव्यात बोट वर-खाली नेणारी, दारं असलेली पाण्याची कुंडं), भागिले तीन, की तास मिळतात. इथे 110 मैल आणि 94 लॉक, म्हणजे 68 तास. रोज जवळजवळ दहा तास! मग पबमध्ये कधी टेकणार?

त्यापेक्षा एल्समीअर या इंग्लिश गावी बोट घ्या आणि वेल्समधल्या लँगॉलेनकडे निघा. वाटेत न्यू मार्टनचे दोनच लॉक, आणि पुढे वेल्समध्ये अभियंता टेलफर्डचा 1805 चा पाँटकसिल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच वाहून नेणारा पूल. उंची 38 मीटर. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी हौदाची कड संपली की थेट दरी. उंचीची भीती असेल त्याने आत बसून भजी तळावीत.

लॉकमधून खाली उतरताना मात्र मस्करी नको. वरच्या दारापाशी पाण्याखाली 'सिल' म्हणजे उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढची बाजू बुडते. भिंतीवरच्या खुणेच्या पुढेच राहा, आणि लॉकमधलं पाणी सोडायची झडप उघडणाऱ्याने बोटीवरची नजर हटवू नये.

थेम्स पहिल्या खेपेला नकोच. जोराचा पाऊस झाला की 'प्रवाह जोरात आहे, बोट नेऊ नका' सांगणाऱ्या लाल पाट्या लागतात, आणि सुट्टी काठावर बसून काढावी लागते.