लीचेटसाठी तुरटीच्या जोडीला चिंचोक्याची पूड: वापरावी की नाही?

धागालेखक: कचरा डेपोच्या तळातून झिरपणारं काळपट पाणी, म्हणजे लीचेट, साफ करताना तुरटीच्या जोडीला चिंचोक्याची पूड किंवा गवार गम वापरायलाच हवा, असं माझं मत आहे. जागी नव्हे, जोडीला. तुरटी कणांवरचा ऋण भार मोडते, पण तयार होणारे पुंजके बारीक आणि ठिसूळ असतात. चिंचोक्यातल्या पॉलिसॅकराइडच्या लांब साखळ्या ते एकमेकांना बांधतात. जार टेस्ट, म्हणजे बीकरांमध्ये वेगवेगळ्या मात्रा घालून ढवळून बघायची चाचणी, लावून बघा. नुसत्या तुरटीचा गाळ बीकरमध्ये धुक्यासारखा लोंबकळत राहतो. पूरकाची, म्हणजे पुडीची किंवा गमची, मात्रा नेमकी जमली की पुंजके डोळ्यांदेखत जड होऊन तळाशी बसतात.

प्रतिसाद १: बीकरपुरतं ठीक. पण लीचेटमधला खरा त्रास अमोनियाचा. तो लिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या वरही जातो आणि विरघळलेला असतो, त्यामुळे कुठलाच पुंजका त्याला धरत नाही. शिवाय 'नैसर्गिक' म्हणून लोक शेवग्याच्या बियांचा कच्चा अर्क ओततात. पुंजके बनवणाऱ्या प्रथिनासोबत तेल आणि बाकीचं सेंद्रिय द्रव्यही पाण्यात जातं. सीओडी (सेंद्रिय द्रव्याच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) उतरवायचा म्हणून घातलं आणि त्यानेच चढवला! अर्क काही दिवसांत नासतो, ते वेगळंच.

धागालेखक: शेवग्याबद्दल सहमत, म्हणूनच कोरड्या टिकणाऱ्या पुडीचा आग्रह आहे. अमोनियासाठी पुढची प्रक्रिया लागणारच, पण तिथेही फायदा होतो. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) खाते, आणि हवा मारून अमोनिया काढायचा तर चुना घालून सामू ११ च्या आसपास न्यावा लागतो. पूरकामुळे तुरटी कमी लागली तर चुनाही वाचतो.

प्रतिसाद २: दोघंही डेपोचं वय विसरताय. नव्या डेपोच्या लीचेटमध्ये साधी मेदाम्लं भरपूर. ती जिवाणू आवडीने खातात, तिथे तुरटी आणि चिंचोका दोन्ही वाया. जुन्यात बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय द्रव्य खाताना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी यांचं गुणोत्तर ०.१ च्याही खाली येतं आणि उरतात ती जिवाणूंना सहज न पचणारी ह्युमिक आम्लं. हा वाद फक्त तिथलाच आहे.

प्रतिसाद १: जुन्या डेपोपुरतं बोलू. गाळाचं काय? ह्युमिक द्रव्यं आणि जड धातू घेऊन तो बहुतेकदा त्याच डेपोवर परत जातो. चिकट पुडीने गाळ पाणी धरून ठेवत असेल तर ते पाणी पुन्हा खालीच झिरपणार. गाळ दाबून किती कोरडा होतो याचे आकडे टाका, मग मी विरोध सोडतो.

धागालेखक: रास्त मागणी. पुढच्या जार टेस्टचा गाळ, नुसत्या तुरटीचा आणि पूरक घातलेला, दोन्ही गाळून वाळवून वजनं इथेच टाकते.