मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा गंजून बसलेला नट सुटत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहतो. माझ्याकडे २०१० सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिचे मागचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेल गाळू लागल्यामुळे नवी जोडी आणून ती घरीच बसवण्याचे काम मी गेल्या रविवारी हाती घेतले. डाव्या बाजूचा वरचा नट पाच मिनिटांत सुटला. खालचा मात्र चार दिवस झाले तरी जागचा हललेला नाही.

आपल्या कोरड्या हवेत एवढा गंज का, असा प्रश्न पडेल म्हणून आधीच सांगतो, की ही गाडी पहिली आठ वर्षे रत्नागिरीला मेहुण्यांकडे होती आणि समुद्राची खारी हवा तिने पोटभर खाल्लेली आहे. खालचा नट १७ च्या पान्याचा असून तो मागच्या अ‍ॅक्सलला वेल्ड केलेल्या १२ मिलिमीटरच्या स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यावर) बसतो. म्हणजे साधा बोल्ट तोडून नवा घालावा, अशी सोय नाही.

आतापर्यंत मी गंज सोडवण्याचा स्प्रे मारून दोन तास थांबलो, नंतर रिंग पाना लावला, आणि तेवढ्याने भागले नाही तेव्हा पान्याच्या दांड्यात तीन फुटी पाईप घालून ओढले. त्यात पाना सटकला, माझी बोटे सोलली आणि नटाचे दोन कोपरे किंचित गोल झाले. एका गॅरेजमध्ये विचारले असता, नट गॅसने कापून नवा स्टड वेल्ड करू, असे सांगण्यात आले. मला ते पटत नाही.

माझ्या एका प्लंबर मित्राकडे ब्लो टॉर्च आहे. त्याने नट तापवावा का? की याहून लांब पाईप लावावा?

प्रतिसाद १ :
टॉर्चचा विचार कृपया सोडून द्या. तापवण्यामागचे तत्त्व खरे आहे : नट बाहेरून लवकर तापतो, आतला स्टड त्यामानाने थंड राहतो, आणि तापमान २०० अंशांनी वाढले तर १२ मिलिमीटरचे भोक सुमारे तीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण गंजाचा थर तडकायला तेवढे पुरते. परंतु अशा छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या सीटखाली, म्हणजे तुमच्या ज्योतीपासून हातभर अंतरावर असते. ब्रेकची रबरी नळी त्याहून जवळ असते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि बहुतेक वेळा दाबाखालचा वायूही भरलेला असतो. आणि तुम्ही मारलेला स्प्रे स्वतःच पेट घेणारा आहे. मोकळ्या बेंचवर ठेवलेल्या भागासाठी हा उपाय उत्तम आहे, गाडीखाली झोपून करण्यासारखा नाही. तीच भीती ग्राइंडरच्या ठिणग्यांचीही आहे.

प्रतिसाद २ :
रागावू नका, पण तुम्ही नट कोणत्या दिशेने फिरवत आहात? गाडीखाली उताणे झोपल्यावर भल्याभल्यांची दिशा चुकते. नटाकडे समोरून, म्हणजे स्टडचे टोक आपल्याकडे आहे अशा बाजूने पाहावे, आणि मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे.

धागाकर्ता :
लिहायला संकोच वाटतो, पण पहिल्या दिवशी मी निम्मा वेळ तो आवळतच होतो. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता पुन्हा खाली जाऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मात्र नंतरच्या दोन दिवसांत दिशा बरोबर होती, तरीही नट ढिम्म आहे. टॉर्च रद्द.

प्रतिसाद ३ :
मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या देखभालीचे काम करतो. मागावर सुताचे तंतू आणि तेल मिसळून नटावर असा काही थर बसतो, की नव्या मुलाने पाना लावला की कोपरे गेलेच म्हणून समजा. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की पाईप बाजूला ठेवा. एक फुटी पान्यावर ३० किलोचा जोर दिला तर सुमारे ९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, आणि नेहमीच्या प्रतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट साधारण तेवढ्यावरच आवळला जातो. तोच जोर तीन फुटी पाईपवर दिला तर पीळ तिप्पट होतो, आणि मग नट सुटण्याऐवजी स्टड मोडतो. तसे झाले, तर गॅरेजवाल्याचे वेल्डिंग नको असूनही करावे लागेल.

लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट पाचर ठोकल्यासारखी गच्च भरते. ती पाचर ढिली करायची, तर तेल आत शिरले पाहिजे, आणि दोन तासांत ते शिरत नाही. आधी स्टडचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण वरचा गंज तेल पिऊन टाकतो आणि आत काही जाऊ देत नाही. मग सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे तेल सोडा, निदान दोन दिवस. प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर नटाच्या एका सपाट बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूवर लहान हातोड्याने वीसेक टोले द्या; पुढच्या वेळी शेजारची बाजू घ्या. टोले जोरदार नकोत, खणखणीत हवेत. स्टडच्या तोंडावर मात्र चुकूनही मारू नका, तोंड पसरले की नट कधीच बाहेर येणार नाही.

तुमचा रिंग पाना बहुधा बारा कोनी असणार. तो कोपऱ्यांवरच जोर देतो, म्हणून सहा कोनी गोटी (सॉकेट) आणा आणि ती हातोड्याने ठोकून पुरती खाली बसवा. मग पहिला झटका सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने, तोही अगदी हलका द्या. गंज एकदा तडकला की उलट फिरवा. नट पाव फेरा आला की हुरळून जाऊन ओढू नका. पुन्हा थोडा आत घ्या, तेल सोडा, परत बाहेर आणा. एवढे करूनही कोपरे गेले, तर नट फोडायचा स्प्लिटर मिळतो, तो वापरा. नट दोन रुपयांचा असो की वीस, त्याचा बळी द्यावा. स्टडचा देऊ नये.

प्रतिसाद ४ :
गाडी नुसत्या जॅकवर उभी नाही ना? एवढी ओढाताण करताना खाली भक्कम स्टँड हवेत आणि पुढच्या चाकांना दगड हवेत.

धागाकर्ता :
स्टँड दोन आहेत, चाकांना विटा लावल्या आहेत. मागचे चाकही काढून गाडीखाली आडवे सरकवून ठेवले आहे.

धागाकर्ता (तीन दिवसांनंतर) :
नट सुटला. गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही वेळा तेल सोडून टोले दिले. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा घड्याळ दुरुस्त करता काय, म्हणून विचारून गेले. शनिवारी सकाळी सहा कोनी गोटी ठोकून बसवली आणि आवळण्याच्या दिशेने झटका दिला, तेव्हा सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. स्टडच मोडला, या भीतीने मी क्षणभर हात काढून घेतला होता. प्रत्यक्षात तो गंज होता. पुढे-मागे करत नट बाहेर काढायला पाऊण तास लागला, पाईपची गरज पडली नाही.

स्टडचे टोकाचे दोन आटे खराब झाले होते, ते डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ केले आणि नवा नट कॉपर ग्रीस लावून बसवला. ग्रीसमुळे घर्षण कमी होते, त्यामुळे तोच पीळ दिला तरी स्टड अधिक ताणला जातो, हे लक्षात ठेवून हात आखडता घेतला. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवल्यानंतर केले. अधांतरी असताना आवळले असते, तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटला असता.

उजव्या बाजूचा नट याहून वाईट दिसतो. त्याचे आटे घासून आज संध्याकाळी पहिले तेल सोडले आहे. मंगळवारच्या आधी पाना लावणार नाही.