बाबांच्या जुन्या निगेटिव्ह कशा स्कॅन कराव्यात?

कपाटात ३५ मिमीच्या पट्ट्या सापडल्यात, काही ब्लॅक अँड व्हाइट, शिवाय अल्बममधले फोटो. स्कॅनर घेऊ की मोबाइलनेच काढू? एकदाच पण नीट करायचंय.

– फोटोंना साधा फ्लॅटबेड (सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायचा), ६०० डीपीआय (दर इंचात किती ठिपके) पुरे. निगेटिव्हला मात्र झाकणात लाइट असलेलाच घ्या आणि २४०० च्या खाली जाऊ नका, फ्रेम जेमतेम ३६ बाय २४ मिमी असते हो.

– ब्लॅक अँड व्हाइटला स्कॅनरमधलं इन्फ्रारेडवालं डस्ट रिमूव्हल (धूळ आपोआप पुसायची सोय) बंद ठेवा!! फिल्ममधली चांदी त्याला धूळच वाटते, माझ्या आजीचे डोळे पुसल्यासारखे झाले, सगळं परत केलं. आधी ब्लोअर (हवेचा फुगा) मारा, पट्टी कडेनेच धरा.

– कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) असेल तर लाइटपॅडवर (खालून उजेड देणारी पाटी) पटापट होतं. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकू नका प्लीज.

– नाही टाकणार, बाबांचं अक्षर आहे पाकिटांवर, तीपण स्कॅन करते.