लेव्हल २, क्लेरिक नाही, आत थडगी भरून अनडेड: ११० सोन्याच्या नाण्यांत काय घेऊ?

झोपमंत्री

आधी माझी लाज सांगून टाकतो. मी आमच्या पार्टीतला विझर्ड. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा, पाचवी आवृत्ती, नियम २०१४ चे. मागच्या सेशनला तळघरातल्या थडग्यांत शिरलो, आत अनडेड (मेलेले पण चालते-फिरते), आणि पहिल्याच राउंडला मोठ्या थाटात स्लीप, म्हणजे झोपवायचा मंत्र, टाकला. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मला पाचही फासे टाकू दिले, बेरीज करू दिली, आणि मग शांतपणे म्हणाला, "अनडेडना झोप लागत नाही." दुसऱ्या राउंडला पॉयझन स्प्रे. त्यांना विषही लागत नाही. हल्ल्याची कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा मंत्र) माझ्याकडे तेवढी एकच आहे. तिसऱ्या राउंडला मॅजिक मिसाइल, जादूचे बाण. एक झोंबी जेमतेम उभा होता, त्याच्यावर एकच बाण सोडला, ४ डॅमेज, पडला. आणि उठला. फायटरने पाडला, परत उठला. मग आम्ही पळालो. टेबलावर माझं नवीन नाव काय पडलंय ते वर दिसतंच आहे.

पार्टी अशी: फायटर (माणूस, लाँगसोर्ड आणि ढाल), रोग (म्हणजे चोरटा; हाफ-एल्फ, शॉर्टबो), ड्रुइड (निसर्गाचे मंत्र टाकणारा, एल्फ) आणि मी. चौघांचे मिळून सोन्याची ११० नाणी. आत सहा सांगाडे आणि तीन झोंबी मोजलेत. अगदी आतल्या खोलीत भिंतीवर एक सावली हलली, ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. वर गावात देऊळ आहे, होली वॉटर मिळतं. बाकी काय घेऊ आणि कुणी काय करायचं?

नॅचरल_एक

क्लेरिक (देवाचा पुजारी) करा की कुणालातरी. लेव्हल २ ला टर्न अनडेड मिळतं, ३० फुटांतलं सगळं पळत सुटतं. मिटलं.

झोपमंत्री

मिटलं कसलं. कुणीच कॅरेक्टर बदलायला तयार नाही. फायटरवाल्याने तर ढालीला नाव ठेवलंय.

पडद्यामागचा

सगळं पळत सुटत नाही, आधी विझ्डम सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठी वीस बाजूंचा फासा, असतो. आणि पळणाऱ्याला कुणी बाण मारला की तो लगेच परत फिरतो. दर वेळी कुणीतरी मारतंच, ही माझी डीएमच्या पडद्यामागची बरीच वर्षं बोलतायत.

तर क्लेरिकवाचून अडत नाही. सांगाडा, झोंबी आणि सावली या तिघांना तू एकाच मापाने मोजलंस, घोळ तिथे आहे.

सांगाडा आधी घे. एसी १३ (नेम लागायला एवढे हवेत), एचपी १३ (त्याचा जीव), आणि बोथट मार लागला की दुप्पट. फायटरला सांग, तलवार म्यानात, १५ नाण्यांचा वॉरहॅमर घे. फासा तोच डी८ (आठ बाजूंचा), ढालही हातातच राहते. स्ट्रेंग्थचे (ताकदीचे) ३ धरले तर फाशावर ४ पडले तरी ७, दुप्पट १४, खलास. ड्रुइडकडे शिलेली (सोटा मंतरायची जादू) असेल तर तोही तेवढंच करतो. आता माझी आवडती गोष्ट: रोगला गोफण दे. चांदीचं एक नाणं. गोफण रेंज्ड हत्यार आहे, म्हणजे स्नीक अटॅक (रोगचा जादा मार) चालतो, आणि स्नीक अटॅकचा मार मूळ हत्याराच्याच जातीचा, म्हणून तोही दुप्पट होतो. डी४ अधिक डी६ अधिक डेक्सचे (चपळाईचे) ३, सरासरी ९, दुप्पट १८. शॉर्टबोने हाच हिशोब १० वर थांबतो. टेबलावर लोक गोफणीला हसतात, पहिला सांगाडा फुटेपर्यंत. तुलाही एक घे, विझर्डला गोफण नीट चालवता येते. पॉयझन स्प्रेपेक्षा बरी.

झोंबी. एसी ८, कुणाचाही नेम लागतो. एचपी २२. खरा ताप अनडेड फॉर्टिट्यूडचा: शून्यावर आला की तो कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह करतो, डीसी (गाठायचा आकडा) ५ अधिक शेवटच्या घावाचा डॅमेज. त्याला वरून ३ मिळतात. तू ४ चा बाण मारलास म्हणजे डीसी ९, फाशावर ६ आले की तो उभा. चारात तीनदा उठणार. तोच शेवटचा घाव १२ चा असता तर डीसी १७, त्याला १४ लागले असते. म्हणून चिल्लर मार आधी, मोठा घाव शेवटी, असा क्रम लावा. क्रिटिकल (फाशावर २० पडून लागलेला घाव) किंवा रेडिएंट (पवित्र तेजाच्या) डॅमेजने पडला तर सेव्हच नाही.

आणि पळालात कशाला? तो २० फूट चालतो, तुम्ही ३०, आणि लांबून मारायला त्याच्याकडे काही नाही. बोळात लोखंडी सराटे टाका, एक पिशवी एक नाणं. डेक्स सेव्ह डीसी १५, झोंबीला उलट २ कमी. अडकला की जागीच थांबतो आणि पुढे त्याचा वेग आणखी १० ने घटतो. सराट्यांच्या अलीकडे तेल ओतून पेटवा. कुपी चांदीच्या एका नाण्याला मिळते, दोन राउंड जळते, आत शिरेल त्याला ५ डॅमेज. फक्त त्या आगीने त्याला शून्यावर आणू नका, डीसी १० वर तो निवांत उठेल.

आता ती भिंतीवरची. शॅडो असणार, आणि मला काळजी तिचीच वाटते. लागली की डॅमेज होतोच, वर स्ट्रेंग्थ डी४ ने कमी. शून्यावर गेली की मेलास, डेथ सेव्ह वगैरे काही नाही. विझर्डची स्ट्रेंग्थ बहुतेक ८, म्हणजे दोन फटक्यांतही काम होऊ शकतं. साधी हत्यारं तिला अर्धीच लागतात, आगही अर्धी. शिलेली केलेला सोटा जादूचा ठरतो, तो पूर्ण लागतो. तुझं मॅजिक मिसाइलही पूर्ण लागतं आणि चुकत नाही, तेव्हा निदान दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) तिच्यासाठी राखून ठेव. रेडिएंट तिला दुप्पट. होली वॉटरचा २डी६, सरासरी ७, तिच्यावर १४ होतो, आणि तिचे एचपी १६. म्हणून होली वॉटरच्या दोन कुप्या घ्या, ५० नाणी, आणि झोंबीवर एक थेंब वाया घालवू नका. रोगने फेकायची. ते इंप्रोव्हाइज्ड (हाताला लागलेल्या वस्तूचं) हत्यार धरतात, प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ मिळत नाहीत, नुसती डेक्स.

जुनी_आवृत्ती

गोफणीचं एकदम मान्य. आम्ही ३.५ ही जुनी आवृत्ती खेळायचो तेव्हा सांगाड्याला बोथट हत्यार आणि झोंबीला धारेचं, नाहीतर दर घावातून ५ वजा. आणि रोगने गप्प बसायचं, कारण अनडेडवर स्नीक अटॅक नव्हताच, क्रिटिकलही नाही. आमचा रोगवाला तळघर आलं की मशाल धरून उभा राहायचा. आत्ताच्या मुलांना सुख आहे, असं म्हणायचं माझं वय झालंय.

पण दोन होली वॉटर मला पटत नाही. एक घ्या, २५ वाचवा, आणि ५० ची हीलिंग पोशन घ्या. क्लेरिक नाही म्हणजे ड्रुइड पडला की त्याला उठवणार कोण? होली वॉटर चुकलं तर फरशी पवित्र होते, बाकी काही नाही. पोशन चुकत नाही.

अजून एक, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आत घूल (मढी खाणारा अनडेड) निघाला तर त्याच्या नखांनी अर्धांग होतं, डीसी १० कॉन्स्टिट्यूशन, आणि तसा पडलेल्याला जवळून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल. एल्फना मात्र ते लागत नाही. तुमचा ड्रुइड पुढे. रोग नाही, नियमात एल्फ लिहिलंय, हाफ-एल्फ नाही. आमच्यात यावरून एकदा अर्धा तास भांडण झालं होतं. हाफ-एल्फवाला त्या वेळी जमिनीवर पडून भांडत होता.

पडद्यामागचा

पोशनचं बरोबर आहे, तिथे मी चुकलो. एकच कुपी घ्या, पण ती नेमकी मारा.

झोपमंत्री

झालं सेशन. वॉरहॅमर, दोन गोफणी, चाळीस गोफणगुंडे, तेलाच्या दहा कुप्या, सराट्यांच्या दोन पिशव्या, एक होली वॉटर, एक पोशन. ९३ नाणी आणि वर चिल्लर. ढालीला नाव ठेवणारा आता हातोड्यालाही नाव शोधतोय.

सांगाडे चार राउंडमध्ये संपले. रोगने दोन, दोन्ही एकेका गुंड्यात. दुसऱ्याला डीएमने पडद्यामागे एचपी मोजले, मग पुन्हा मोजले, मग नियम उघडून वाचला. मी गोफणीने एक फोडला, स्लीपचं नाव कुणी काढलं नाही.

झोंबी सराट्यांत तसे अडकले, पण एक तेल ओलांडून आलाच. क्रम लावायचा म्हणून आम्ही टेबलावर एवढं कुजबुजलो की डीएम म्हणाला, झोंबी कंटाळून परत जाईल. शेवटचा घाव हातोड्याचा, ११. डीसी १६. त्याने १२ टाकले, १५ झाले. पडला तो पडलाच.

शॅडो माझ्यामागेच निघाली. १४ पैकी ५ एचपी उरले, स्ट्रेंग्थ ८ ची ४. रोगने होली वॉटर फेकलं. फासा ८, डेक्स ३, झाले ११. तिचा एसी १२. प्रोफिशियन्सीचे ते २ मिळाले असते तर लागली असती, हे मी त्याला समजावत होतो तेव्हा त्याने कोणत्या नजरेने बघितलं ते विचारू नका. फरशी पवित्र झाली. मग मी तिन्ही बाण तिच्यावरच, ११, आणि ड्रुइडने सोट्याने ६. संपली. पोशन मीच प्यायलो, स्ट्रेंग्थ शॉर्ट रेस्टनंतर परत आली.

त्या खोलीला अजून एक दार आहे. पलीकडून नखांचा आवाज येतोय, डीएमने तिथेच सेशन थांबवलं. ड्रुइडला पुढे उभं केलंय. रोगवाला कालपासून मला मेसेज करतोय की अर्धा एल्फ म्हणजे निदान अर्धं अर्धांग तरी माफ व्हायला हवं.